प्रश्न कोणाचा, आणि विचारावा कोणीं?

विधिमंडळाचें अधिवेशन आटोपून आमदार मतदारसंघांत परत आले म्हणजे गांवोगांवीं त्यांस एकच गोष्ट पुसली जाते: "आमच्यासाठीं काय आणलें?" कोणी सभामंडप मागतो, कोणी स्मशानभूमीचा रस्ता मागतो, कोणी पाण्याची टाकी मागतो. या गोष्टी गांवास नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु "आमच्यासाठीं काय विचारलें?" असें पुसणारा शेतकरी आम्हांस गेल्या कित्येक वर्षांत भेटला नाहीं. खानदेशच्या शेतकऱ्याची मोठी हानि या एका न पुसलेल्या गोष्टीनें झाली आहे असें आमचें नम्र मत आहे, आणि त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. आमचें शिक्षण मराठी शाळेचें. कायद्याची पदवी आमच्यापाशीं नाहीं. तथापि विधिमंडळांत विचारलेला प्रश्न तहसिलीच्या टेबलावर कसा येतो आणि तेथून उत्तर होऊन कसा परत जातो, हें आम्हीं फार जवळून पाहिलें आहे. जें पाहिलें तेंच लिहितों.

प्रथम हा हक्क कोठून आला तें पाहूं. मुंबई इलाख्याचें कायदे कौन्सिल १८६२ सालीं भरूं लागलें, तेव्हां सरकारनें पुढें ठेविलेल्या बिलावर बोलावें इतकाच सभासदांचा अधिकार होता. १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली. पण उत्तर ऐकून मुकाट्यानें बसावें, उलट विचारूं नये, अशी अट होती. मध्यवर्ती कौन्सिलांत पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं भिंग्याच्या राजांनीं विचारला. तो फौजेविषयीं नव्हता, कीं परराज्याविषयीं नव्हता. सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांच्या रसदेपायीं खेड्यांतील दुकानदारांस जो जाच होई, त्याविषयीं तो प्रश्न होता. आपल्या देशांतील प्रश्नाची परंपरा अशी खेड्याच्या दुकानापासून सुरू झाली, हें आम्हां खेडवळांनीं विसरूं नये. पुढें १९०९ च्या कायद्यानें मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्नाची परवानगी मिळाली, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांसही मिळाली.

मध्यंतरीं १९०१ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आलें. शेतकऱ्याच्या जमीन गहाण टाकण्याच्या व विकण्याच्या हक्कावर त्यानें बंधन येणार होतें. घाईनें हें बिल पास करूं नये असा आग्रह फिरोजशहा मेहता यांनीं धरला. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला, तेव्हां मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले. त्यांच्या हातीं दुसरा उपाय नव्हता. आजच्या सभासदाच्या हातीं दहा उपाय आहेत, आणि तरीही प्रश्नोत्तरांच्या तासास उठून जाणें किंवा गोंधळ घालणें हा नित्यक्रम होऊन बसला आहे. त्या थोर पुरुषांनीं निरुपायानें जें केलें, तें आज सवयीनें केलें जातें, याचा आम्हांस खेद वाटतो.

१९३६ च्या डिसेंबरांत आपल्या फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेडेगांवांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन, आणि तेथें शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम मंजूर झाला. दुसऱ्याच वर्षीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. महसूल खातें मोरारजी देसाई यांजकडे होतें. राज्य आपल्या माणसांचें झालें, आतां विचारावयाचें काय उरलें, असें कोणास वाटलें असेल. परंतु १९३८ सालीं पूर्व खानदेशांत पिकें बुडालीं, तेव्हां साने गुरुजी शेतसाऱ्याच्या माफीसाठीं खेड्यापाड्यांतून फिरले. मंत्री आपल्याच पक्षाचे होते म्हणून ते गप्प बसले नाहींत. आपल्या माणसासही जाब विचारावा लागतो, हा धडा या मातींत पूर्वींच दिला गेलेला आहे.

आज महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ सभासद आहेत. त्यांपैकीं जळगांव जिल्ह्याचे ११ व धुळें जिल्ह्याचे ५, मिळून १६ होतात. नंदुरबारचे ४ धरिले तर २० भरतात. या प्रत्येकापाशीं तारांकित प्रश्न आहे, ज्याचें उत्तर मंत्र्यास उभें राहून द्यावें लागतें व ज्यावर उपप्रश्न विचारतां येतात. लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न आहे, तातडीचा अल्पसूचना प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. मंत्र्यानें सभागृहांत "अमुक करूं" असा शब्द दिला तर त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिति आहे. नांगर, वखर, पाभर, कोळपें, सर्व अवजारें घरांत आहेत. वाफसा झाला असतां तीं बाहेर निघत नाहींत, इतकेंच.

आतां प्रश्नाचा प्रवास सांगतों. आमदारांच्या सहीचा प्रश्न मुंबईस दाखल होतो. तेथून तो मंत्रालयांतील विभागाकडे, मग नाशिकच्या आयुक्तांकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग तहसिलीकडे, आणि शेवटीं तलाठ्याकडे येतो. वर "विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचें" असा शेरा असतो. उत्तर खालून वर जातें. मुंबईस मंत्रिमहोदय जें वाक्य वाचतात, त्याचें बीज पुष्कळ वेळां एखाद्या सजाच्या तलाठ्यानें किंवा आमच्यासारख्या कारकुनानें रात्रीं दिव्याखालीं लिहिलेलें असतें.

प्रश्नाचा सांचा ठरलेला आहे. "अमुक ठिकाणीं अमुक घडलें हें खरें आहे काय? असल्यास चौकशी केली काय? चौकशींत काय आढळलें व कोणती कारवाई केली? नसल्यास विलंबाचीं कारणें काय?" उत्तराचाही सांचा ठरलेला आहे. पहिल्या भागास "हें खरें नाहीं" असें लिहिलें कीं पुढील सर्व भागांस "प्रश्न उद्भवत नाहीं" हीं तीन अक्षरशः सोन्याचीं पदें लिहितां येतात. तसें लिहिणें अगदींच अवघड असेल तर "हें अंशतः खरें आहे"; आणि कांहींच हातीं नसेल तर "माहिती घेण्याचें काम चालू आहे". प्रश्नांत गांवाचें नांव चुकलें, साल चुकलें, आंकडा थोडा वाढवून लिहिला, कीं कारकुनास सुटकेची वाट सांपडते. आंकडा शंभर लिहिला व प्रत्यक्षांत नव्वद असले, तर "हें खरें नाहीं" हें उत्तर खोटेंही होत नाहीं.

येथें आमचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे. एका तालुक्यांत आम्ही नोकरीस असतां पावसाळ्याच्या तोंडीं वादळ होऊन केळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढें अधिवेशनांत प्रश्न आला: सात गांवांचे पंचनामे झाले काय? निरोप सायंकाळीं आला, उत्तर सकाळीं दहाच्या आंत हवें होतें. चार गांवांचे कागद आमच्यापाशीं होते, तीन गांवांचे नव्हते. आम्हीं "कार्यवाही चालू आहे" असें लिहिलें. वरून सांगणें आलें कीं "चालू" लिहिलें तर उपप्रश्न येतील, "पूर्ण" लिहा, कागद मागाहून करून घेऊं. आम्हीं "पूर्ण" लिहिलें. हात आमचाच होता. दुसऱ्या कोणावर दोष टाकून आम्ही मोकळे होऊं इच्छित नाहीं.

कागद मागाहून झाले नाहींत. त्या तीन गांवांचे शेतकरी अर्ज घेऊन येत, तेव्हां त्यांस सांगण्यांत येई कीं पंचनामे पूर्ण झाल्याचें शासनानें सभागृहांत सांगितलें आहे, आतां नव्यानें करतां येणार नाहींत. एक वृद्ध शेतकरी पडलेल्या बागेस हात न लावतां पंचनाम्याची वाट पाहत राहिले होते. खोडें कुजूं लागलीं, पुढच्या लागवडीचा हंगाम चालला होता. ते आमच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "भाऊसाहेब, पंचनामा झाला म्हणतां, तर आमचं वावर पाहिलं कोणी?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सभागृहांत उपप्रश्न येऊं नये म्हणून आम्हीं जो शब्द बदलला, तो उपप्रश्न या गृहस्थांनीं विचारला. त्या दिवशींपासून आमची अशी खात्री झाली आहे कीं प्रश्न विचारला एवढ्यानें काम होत नाहीं. त्या प्रश्नामागें जागा शेतकरी उभा नसेल, तर खोटें उत्तर हें उत्तर न मिळण्याहूनही वाईट.

याहून मोठें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत आहे. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें कापूस खाल्ला. खानदेशही त्यांतून सुटला नाहीं. त्या डिसेंबरांत नागपूरच्या अधिवेशनांत कृषिमंत्र्यांनीं मदत जाहीर केली: कोरडवाहूस हेक्टरीं ३०,८०० रुपये, बागायतीस ३७,५००. आंकडा ऐकून बाकें वाजलीं. आतां कारकुनाच्या नजरेनें तो आंकडा फोडून पाहूं. कोरडवाहूच्या रकमेंत ६,८०० रुपये आपत्ती निधीचे, ८,००० पीकविम्याचे, आणि १६,००० बियाणें कंपन्यांनीं द्यावयाचे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम सरकारच्या तिजोरींत नव्हतीच. ती दुसऱ्याच्या खिशांत होती. कंपन्यांनीं जबाबदारी नाकारली आणि प्रकरणें सुनावण्यांत व वादांत अडकलीं; बहुतेकांच्या हातीं आपत्ती निधीचाच भाग पडला. त्या दिवशीं जर आपल्या एखाद्या सभासदानें उभें राहून विचारलें असतें, "यांपैकीं सरकारचे किती, विमा न उतरविलेल्यास किती, कंपनी न देईल तर कोण देणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत?" तर त्या बाकांचा आवाज तेव्हांच थांबला असता आणि शेतकऱ्यानें खऱ्या आंकड्यावर पुढच्या पेरणीचा हिशेब केला असता.

नेमका प्रश्न काय करूं शकतो याचा दाखला दूरचा नाहीं. १९५७ सालीं आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत कसा गुंतला, हें लोकसभेंत विचारलें गेलें. तें प्रकरण आंकड्यांसह लावून धरणारे फिरोज गांधी सरकार पक्षाचेच सभासद होते. पुढें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी पक्षाचा सभासद काय विचारणार, असें जे म्हणतात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां जी गोष्ट लिहितांना लेखणी अडखळते, तिजकडे वळतों. १२ डिसेंबर २००५ रोजीं एका दूरचित्रवाणी वाहिनीनें छुप्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं चित्रें दाखविलीं. लघुउद्योजकांच्या एका बनावट संघटनेच्या नांवें वार्ताहर खासदारांकडे गेले होते व संसदेंत प्रश्न विचारावे म्हणून त्यांनीं पैसे देऊं केले होते. २३ डिसेंबर रोजीं दोन्ही सभागृहांनीं अकरा सभासदांस काढून टाकिलें. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. १० जानेवारी २००७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संसदेचा हा अधिकार मान्य केला. जळगांव जिल्ह्यांत त्या वेळीं जळगांव व एरंडोल असे लोकसभेचे दोन मतदारसंघ होते. दोन्हीं ठिकाणचे खासदार त्या अकरांत होते. व्यक्तींचीं नांवें येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. नोंद सर्वांस उपलब्ध आहे. पोटनिवडणुका होईपर्यंत या जिल्ह्याच्या वतीनें लोकसभेंत तोंड उघडणारा माणूसच उरला नाहीं.

त्यानंतर वीस वर्षांनीं, मे २०२५ मध्यें, विधिमंडळाची अंदाज समिति धुळ्यास आली असतां तेथील सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलींत १ कोटी ८४ लाखांहून अधिक रोकड सांपडली. चौकशीसाठीं विशेष पथक नेमण्याचें जाहीर झालें. तो पैसा कोणाचा व कशासाठीं, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि तो आम्ही करीतही नाहीं. परंतु सरकारच्या खर्चाची तपासणी करावयास आलेल्या समितीच्या मुक्कामीं अशी रोकड सांपडावी, आणि ती आपल्या खानदेशांत, यानें कोणाही विचारी माणसाची मान खालीं जाईल.

या दोन प्रकरणांवरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात कीं प्रश्नोत्तरें हें सर्व नाटक आहे, त्यांत आपण पडूं नये. आम्हांस नेमकें उलट वाटतें. ज्या वस्तूस कोणी पैसे मोजावयास तयार होतो, ती वस्तु निरुपयोगी कशी असेल? प्रश्नाची किंमत व्यापाऱ्यास कळते, कंत्राटदारास कळते. ज्याचा तो हक्क आहे त्या शेतकऱ्यास मात्र कळत नाहीं. पडीक ठेविलेल्या वावराच्या बांधावर शेजारी सरकतो, हें आम्हीं मोजणीच्या प्रकरणांत जन्मभर पाहिलें. आपला प्रश्न आपण पडीक ठेविला, म्हणून त्यांत दुसऱ्यानें पेरणी केली. जो आमदार गांवांतून आलेले वीस प्रश्न खिशांत घेऊन मुंबईस जाईल, त्याजवर वीस गांवांचे डोळे असतील, आणि एकविसावा प्रश्न कोणाचा हें त्यास सांगावें लागेल.

दुसरा आक्षेप असा कीं प्रश्नांनीं कचेऱ्यांचें काम अडतें. या आक्षेपांत तथ्य आहे. आम्हीं स्वतः त्या रात्री जागून काढल्या आहेत. परंतु त्याचा उपाय प्रश्न बंद करणें हा नव्हे. पंचनाम्याच्या व मदतीच्या याद्या वेळच्या वेळीं चावडीवर लावणें हा होय. जी माहिती उघड आहे ती विचारावी लागत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें साथीच्या काळांत संसदेचें अधिवेशन प्रश्नोत्तरांच्या तासाशिवाय भरलें. लेखी उत्तरें तेवढीं मिळत होतीं. सभागृहें त्यावांचूनही चालूं शकतात हें तेव्हां दिसलें, आणि म्हणूनच तो तास जपला पाहिजे हेंही दिसलें.

आतां आपल्या सभेनें व वाचकांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें, प्रत्येक तालुक्याच्या शाखेनें अधिवेशनाच्या महिना-दोन महिने आधीं बैठक घेऊन एक प्रश्न तयार करावा. एकच, पण पक्का. "खानदेशांतील पाटबंधारे रखडले आहेत हें खरें आहे काय?" असें विचारलें तर "कामें प्रगतिपथावर आहेत" हें उत्तर तयारच आहे. त्याऐवजीं पाडळसरे येथील निम्न तापी धरणाविषयीं असें विचारावें: अमुक गांवांतील किती खातेदारांच्या जमिनी घेतल्या, किती जणांचा मोबदला आजच्या तारखेस बाकी आहे, आणि मागील रब्बींत किती हेक्टरांस प्रत्यक्ष पाणी मिळालें? ज्या धरणाची वाट लोक दोन तपांहून अधिक काळ पाहत आहेत, त्याविषयीं "प्रगतिपथ" हा शब्द आंकड्याच्या जागीं बसणार नाहीं.

दुसरें, प्रश्नासोबत कागद द्यावा. गट क्रमांक, अर्जाची पोंच, पंचनाम्याची तारीख, विम्याची पावती. कागद असला म्हणजे "हें खरें नाहीं" असें लिहितांना कारकुनाचा हात थांबतो. हें आम्ही अनुभवानें सांगतों.

तिसरें, उत्तर आलें म्हणजे तें गांवांत वाचावें. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठींत असतात. गांवांतील शिकलेल्या मुलानें त्या काढून ग्रामसभेंत मोठ्यानें वाचाव्या. उत्तर खोटें असेल तर पुराव्यासह आमदारांस कळवावें व पुन्हा विचारावयास लावावें. आश्वासन असेल तर त्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

चौथें, आमदार न विचारतील तर आपण विचारावें. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या मूळच्या आठव्या कलमांत असें स्पष्ट म्हटलें होतें कीं जी माहिती संसदेस किंवा राज्याच्या विधिमंडळास नाकारतां येत नाहीं, ती कोणाही माणसास नाकारतां येणार नाहीं. १८९३ सालीं जो हक्क एका राजास मिळाला, तो आज दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या घरच्या गड्यासही आहे.

पांचवें व शेवटचें, चिकाटी सोडूं नये. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी धुळें-शिरपूरकडील लोकांनीं पिढ्यानपिढ्या केली. २ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गास मंजुरी दिली. तें एका प्रश्नानें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु विषय मरूं दिला नाहीं, म्हणून तो एके दिवशीं मंजुरीपर्यंत पोंचला. आतां पुढचे प्रश्न विचारावयाचे आहेत: जमीन कोणाची जाते, भाव काय मिळतो, आणि केव्हां?

आम्हीं लिहिलेल्या त्या एका "पूर्ण" शब्दाचें प्रायश्चित्त या लेखानें होईल असें आम्ही मानीत नाहीं. ज्या गृहस्थांचें वावर कोणीं पाहिलें नाहीं, त्यांस मदत मिळाली नाहीं ती नाहींच. परंतु पुढल्या वादळानंतर जेव्हां एखाद्या तहसिलींत रात्रीं तोच कागद येईल, तेव्हां तेथील कारकुनास ठाऊक असावें कीं आपलें उत्तर सभागृहांत वाचलें जाईल, आणि नंतर सातही गांवांच्या चावडीवर वाचलें जाईल. एवढें झालें तरी तो "चालू" हा शब्द खोडणार नाहीं. पुढील अधिवेशनास आपल्या तालुक्याचा प्रश्न कोणता, याचा विचार वाचकांनीं आजच करावा, ही विनंति.